परदेशातली पीएचडी आणि तिथला गाइड: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात रसायनशास्त्र शिकवते. त्याआधी चार वर्षं जर्मनीत राहून पीएचडी केली. दर हिवाळ्यात अर्जांचा हंगाम आला की एमएस्सीची मुलं भेटायला येतात, कधी त्यांच्याबरोबर आईवडीलही येतात. पैसे किती, वर्षं किती, व्हिसा मिळेल का, हे सगळे विचारतात. गाइडबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही. आणि दीड-दोन वर्षांनी रात्री अकराला रडवेल्या आवाजात जो फोन येतो, तो बहुतेक गाइडवरूनच असतो. म्हणून ही उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली आहेत.

पीएचडीला किती खर्च येतो? शैक्षणिक कर्ज काढावं लागेल का?

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयात कर्ज काढून पीएचडीला जाऊ नका. एमएसचं गणित वेगळं आणि पीएचडीचं वेगळं. डेक्कनवरच्या परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या पाट्या वाचून दोन्ही एकच वाटतं, पण पीएचडीत बहुतेक ठिकाणी विद्यापीठच तुम्हाला पैसे देतं.

नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये पीएचडीचा विद्यार्थी सहसा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. जर्मनीतही पुष्कळदा तसंच असतं. तिथे ई-१३ नावाची वेतनश्रेणी असते, पण करार क्वचितच शंभर टक्क्यांचा मिळतो. पन्नास किंवा पासष्ट टक्के असतो आणि काम पूर्ण वेळ करावं लागतं. ऑफर लेटरमधला हा टक्का आधी वाचा. असा करार हातात असेल तर ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या बँक खात्याची, सहसा गरज पडत नाही. स्वतःच्या पैशावर जाणाऱ्याला मात्र २०२४च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो त्यात दाखवावे लागतात.

अमेरिकेत फी माफ होते आणि विद्यावेतन मिळतं. ते शिकवण्याच्या बदल्यात, म्हणजे टीए म्हणून, मिळतंय की गाइडच्या प्रकल्पातून आरए म्हणून, हे विचारून घ्या. टीएचे पैसे विभाग देतो. आरएचे पैसे गाइडच्या अनुदानातून येतात आणि ते संपलं की अडचण येते. विद्यावेतन नऊ महिन्यांचं आहे की बारा, हेही विचारा. उन्हाळ्याचे तीन महिने कोरडे गेले की नवीन माणसाचे फार हाल होतात.

ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन परिषदांचं किमान विद्यावेतन २०२५-२६ साठी २०,७८० पौंड होतं. त्या शिष्यवृत्त्या २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या झाल्या, पण त्यांच्यासाठी एकूण जागांपैकी ३० टक्क्यांची मर्यादा आहे. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायचा. चार वर्षांचे तीन हजार पौंडांच्या वर जातात. पहिला पगार हातात पडायच्या आधी हे पैसे कुठून आणायचे, याचा विचार घरी बसून करून ठेवा.

महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्त्या?

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचं काम पुण्यातल्याच समाजकल्याण आयुक्तालयातून चालतं. मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी ही राज्य सरकारची संस्था आहे, तिचं मुख्यालयही पुण्यात. त्याशिवाय केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. अटी दर वर्षी जाहिरातीत बदलतात, त्यामुळे मित्राच्या मागच्या वर्षीच्या फाइलवर विसंबू नका.

शाहू महाराजांचं नाव त्या शिष्यवृत्तीला का आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगते. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. आंबेडकरांना १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःच्या पगारातून साठवलेले पैसे, मित्राकडून घेतलेलं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर. शिष्यवृत्ती आधी संपते आणि प्रबंध नंतर पूर्ण होतो, ही अडचण शंभर वर्षं जुनी आहे. तुमच्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख आणि प्रबंध सादर करण्याची खरी शक्यता असलेली तारीख पहिल्याच महिन्यात एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि तो कागद गाइडलाही दाखवा.

किती वर्षं लागतात?

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात तीन ते चार. नेदरलँड्समध्ये करारच चार वर्षांचा असतो. स्वीडनमध्ये चार, पण शिकवण्याचं काम धरून बऱ्याचदा पाच. अमेरिकेत पाच ते सहा, कारण सुरुवातीची दोन वर्षं वर्ग आणि पात्रता परीक्षा यांत जातात.

गाइड कसा निवडायचा?

पेपरांची संख्या बघून निवडू नका. त्यांच्याकडून गेल्या पाच-सहा वर्षांत किती जणांनी पीएचडी पूर्ण केली, किती जण मध्येच सोडून गेले आणि आता ते कुठे आहेत, हे शोधा. लॅबच्या वेबसाइटवर जुन्या विद्यार्थ्यांची यादी असते. त्यातल्या दोघा-तिघांना ईमेल करा आणि जमलं तर फोनवर बोला, कारण लिहून कुणी वाईट सांगत नाही. नेमकं विचारा: गाइड आठवड्याला भेटतात की महिन्याला? मसुदा किती दिवसांनी परत येतो? सुट्टी मागितल्यावर काय म्हणतात? भारतात जायला सलग तीन आठवडे मिळतात का?

गाइडचं वय आणि बढती हाही मुद्दा आहे. निवृत्तीला तीन वर्षं उरलेले प्राध्यापक उत्तम शिकवतात, पण तुमच्या चौथ्या वर्षी ते असणार नाहीत. नवा, कायम न झालेला गाइड तुमच्याबरोबर स्वतः लॅबमध्ये उभा राहील, पण त्याला दुसऱ्या विद्यापीठात नोकरी मिळाली तर तुम्हालाही बिऱ्हाड उचलावं लागेल. दोन्ही चालतं, फक्त आधी माहीत हवं.

त्यांना ‘सर’, ‘मॅडम’ म्हणायचं का?

अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्स, स्वीडन इथे लवकरच पहिल्या नावाने हाक मारायला सांगतात. जर्मनीत ‘प्रोफेसर’ आणि आडनाव यापासून सुरुवात करा, ते स्वतः म्हणतील तेव्हा बदला. जीभ वळायला वेळ लागतो, मला आठ महिने लागले. तोवर मी त्यांना हाकच मारत नव्हते, समोर जाऊन उभी राहायचे.

आपल्याकडे ‘गाइड’ म्हटलं की सिनॉप्सिसवर सहीपासून व्हायवाच्या जेवणापर्यंत सगळं त्या एका माणसाच्या हातात असतं. तिकडे सुपरवायझर किंवा अॅडव्हायजर म्हणजे तुमच्याहून अनुभवी सहकारी. तुम्ही त्यांचं म्हणणं खोडावं, अशी त्यांची मनापासून अपेक्षा असते. गप्प बसणारा विद्यार्थी त्यांना आदरशील वाटत नाही, त्याला विषयात रस नाही असं वाटतं.

मीटिंगमध्ये समजलं नाही तर पुन्हा विचारावं का? त्यांना राग येईल ना?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, म्हणून थोडं लांबण लावते.

माझा तिकडचा दुसरा महिना. गाइडच्या खोलीत गोल टेबल, त्यावर कॉफीचा थर्मास, समोर फळा. नमुना किती तापमानाला, किती तास भट्टीत ठेवायचा, हे ते फळ्यावर काढून सांगत होते. शेवटी थंड कसा करायचा ते सांगितलं आणि तिथे मी अडकले. भट्टी बंद करून आपोआप थंड होऊ द्यायची, की मिनिटाला एक अंश अशी सावकाश उतरवायची? त्यांनी ते एकदा सांगितलं, माझ्याकडे बघून पुन्हा सांगितलं आणि विचारलं, “स्पष्ट आहे?” मी मान हलवली. आपण हलवतो तशी, हो आणि बघू याच्या मधली.

पुढचे चौदा आठवडे मी भट्टी बंद करून घरी जात होते. एक्स-रे आलेखात दर वेळी एक नको असलेला ‘पीक’, म्हणजे टोकदार उंचवटा, यायचा. मीटिंगमध्ये मी म्हणायचे, “अजून थोडं काम बाकी आहे.” ते म्हणायचे, “छान, सावकाश कर.” शेवटी लॅबमधल्या वयस्कर तंत्रज्ञबाईंनी भट्टीची नोंदवही चाळली आणि विचारलं, “तू ही थंड कधी करतेस?”

गाइडला सांगायला गेले तेव्हा पाय थरथरत होते. ते म्हणाले, “त्या दिवशी विचारलं असतंस तर पाच मिनिटं लागली असती.” मी म्हटलं, “तुम्ही दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा कसं विचारणार?” ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की तुला कळलं नाहीये हे मला त्याच दिवशी वाटलं होतं, पण जास्त खोदून विचारलं तर तुला अपमान वाटेल म्हणून मी थांबलो. म्हणजे आम्ही दोघंही एकमेकांचा मान राखत होतो आणि त्यात चौदा आठवडे गेले.

त्यानंतर आम्ही एक पद्धत घातली. मीटिंग संपल्यावर त्याच दिवशी मी तीन ओळींचा ईमेल करायचा. काय ठरलं, मी काय करणार आणि कधीपर्यंत, आणि काय कळलं नाही. तिसरी ओळ रिकामी सोडायची नाही, हा त्यांचा नियम. पहिले काही आठवडे मला तिथे लिहायला लाज वाटायची. नंतर त्या तिसऱ्या ओळींमधूनच माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण निघालं.

तुम्हीही पहिल्या मीटिंगपासून हे करा. कुणी सांगितलं नाही तरी करा. कुठल्याही देशातला गाइड याला नाही म्हणणार नाही, आणि पुढे कधी ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ अशी वेळ आली तर तारखेसह लेखी नोंद तुमच्याकडे असते.

गाइडच्या बाजूने काय अडचणी असतात?

हा प्रश्न मला आजवर दोघांनीच विचारला, आणि दोघांचीही पीएचडी सुखाने झाली.

गाइड होण्याचं शिक्षण बहुतेकांना कुणी दिलेलं नसतं. त्यांच्या गाइडने त्यांना जसं वागवलं तसं ते तुम्हाला वागवतात, किंवा ठरवून उलटं वागतात. प्रकल्पाच्या पैशाला अंतिम तारीख असते, आणि तुमचा व्हिसा तीन महिने लांबला तरी ती तारीख हलत नाही. अमेरिकेत २०२५ मध्ये संशोधनाची अनेक सरकारी अनुदानं मध्येच थांबवली गेली, तेव्हा विद्यार्थ्यांना काय सांगायचं हे गाइडनाही कळत नव्हतं. त्यातून परदेशी विद्यार्थी घेतला की व्हिसाची पत्रं, निवासाच्या परवान्याच्या चौकश्या, घरमालकासाठी दाखला, हे सगळं त्यांच्या टेबलावर येतं.

दुसरी अडचण नाजूक आहे. विद्यार्थी खंगत चाललेला दिसतो, पण घरचं, पैशाचं, तब्येतीचं विचारणं म्हणजे खाजगी आयुष्यात नाक खुपसणं, असं तिकडे मानतात. आपण वाट बघतो की ते विचारतील, आणि ते वाट बघतात की आपण सांगू. आजी गेली, वडिलांची बायपास आहे, तर सांगा. एका वाक्यात सांगितलं तरी चालतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने वडिलांचं आजारपण पाच महिने लपवलं आणि गाइडने त्याला आळशी ठरवून टाकलं. खरं कळल्यावर त्याच गाइडने दुसऱ्या दिवशी तिकिटाचे पैसे मिळवून दिले.

निष्कर्ष गाइडच्या मताविरुद्ध आला तर?

तसाच लिहायचा. मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे १९२८ मध्ये पुण्याहून बर्लिनला गेल्या. त्यांचे गाइड ऑयगेन फिशर. कवटीच्या दोन बाजूंमधला फरक वंशानुसार बदलतो, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्या मोजमापात वंशाचा संबंध दिसेना, आणि त्यांनी तसंच लिहिलं. परका देश, नवी भाषा, गाइड तिथल्या संशोधन संस्थेचे प्रमुख. तरी पदवी मिळाली, आणि पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी जे उभं केलं ते आपण सगळे जाणतो. आकडे बरोबर असतील आणि मोजण्याची पद्धत उघड मांडलेली असेल तर घाबरू नका. मात्र ही गोष्ट गाइडला पहिल्यांदा भर सेमिनारमध्ये कळता कामा नये. आधी त्यांच्या खोलीत जाऊन आलेख समोर ठेवा.

गाइड बदलता येतो का?

येतो. स्वीडनमध्ये तो विद्यार्थ्याचा नियमानेच दिलेला हक्क आहे. ब्रिटनमध्ये सहसा दोन सुपरवायझर असतात, म्हणून आधी दुसऱ्याशी बोला. अमेरिकेत जीवशास्त्राच्या अनेक विभागांत पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये फिरूनच अंतिम निवड होते, त्याचा पुरेपूर उपयोग करा. जर्मनीत प्रश्न अवघड होतो, कारण गाइड हाच बऱ्याचदा नोकरीतला वरिष्ठ आणि प्रबंधाचा परीक्षकही असतो. त्या भाषेत तर गाइडला ‘डॉक्टरफाटर’ म्हणतात, म्हणजे डॉक्टर-पिता. तिथे सुरुवातीलाच मार्गदर्शनाचा लेखी करार करतात, तो सही करून विसरू नका, वाचा.

छळ, अपमान, तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर जाणं, असं काही होत असेल तर विद्यापीठातल्या ओम्बड्समनकडे, म्हणजे तक्रारी ऐकणाऱ्या तटस्थ व्यक्तीकडे, जा. जायच्या आधी ईमेल आणि तारखा एकत्र करून ठेवा. आणि लॅब सोडण्याचा निर्णय घेण्याआधी व्हिसावर काय परिणाम होईल हे आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारा, मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

तिथली भाषा शिकावी का? काम तर इंग्रजीतच असतं.

शिका. लॅबमध्ये इंग्रजी पुरतं, पण डॉक्टर, घरमालक, सरकारी पत्रं आणि दुपारच्या जेवणाचं टेबल इथे पुरत नाही. जर्मनसाठी पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट दोन्ही आहेत. इतकी सोय फार थोड्या शहरांत असते. निदान ए-२, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत, इथूनच करून जा. तिथे गेल्यावर ‘वेळ मिळाला की शिकेन’ म्हणणाऱ्यांना वेळ मिळत नाही.

लेखनात सर्वात जास्त कशामुळे अडतं?

उचलेगिरीमुळे, आणि तीही अजाणतेपणी केलेल्या. पुस्तकातलं वाक्य थोडं फिरवून लिहिणं आपल्या परीक्षांमध्ये गुण मिळवून देतं, तिकडे पीएचडी घालवू शकतं. जर्मनीत मंत्र्यांच्याही पदव्या यावरून काढून घेतल्या आहेत. वाचताना टिपण काढतानाच पान क्रमांक लिहायची सवय लावा.

कागदपत्रांत नावाचा घोळ होतो म्हणतात, तो काय?

आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, पुढे आईचंही नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तिसरंच. हे सगळं एकाच माणसाचं आहे हे तिकडच्या कारकुनाला पटवण्यात महिने जातात. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट पुण्यात असतानाच, दोन-तीन जादा प्रतींसह काढून ठेवा. आणि पहिला पेपर पाठवायच्या आधी कोणत्या नावाने लिहिणार ते ठरवा, ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) घ्या, मग ते नाव बदलू नका.

व्हिसाबद्दलही इथेच सांगते. ब्रिटनसाठी विज्ञान-अभियांत्रिकीच्या ठरावीक विषयांना व्हिसाआधी एटास नावाचं सुरक्षा-तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, त्यात संशोधनाचं वर्णन गाइडकडून घ्यावं लागतं. अमेरिकेच्या मुलाखतीनंतर काही विषयांचे अर्ज जादा तपासणीत काही आठवडे किंवा महिने अडकतात. रुजू होण्याच्या तारखेबद्दल गाइडला आधीच सावध करा.

लग्न झालं आहे. जोडीदाराला नेता येईल का?

जर्मनीत बरोबर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येते. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येत नाही, पण पीएचडीवाल्यांना नेता येतं आणि जोडीदार कामही करू शकतो. अमेरिकेत जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. कमावणारी मुलगी तिकडे जाऊन चार भिंतींत बसली की काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. देश निवडताना दोघांनी मिळून निवडा.

आम्ही आईवडील आहोत. आम्ही काय करावं?

रोजच्या फोनवर ‘कधी संपणार’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडेही नसतं. ‘आज लॅबमध्ये काय केलंस’ विचारा, कळलं नाही तरी ऐका. नेचर या विज्ञान साप्ताहिकाने २०१९ मध्ये जगभरच्या सहा हजारांहून जास्त पीएचडी विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ३६ टक्क्यांनी पीएचडीमुळे आलेल्या चिंतेसाठी किंवा नैराश्यासाठी मदत घेतल्याचं सांगितलं. तुमचं मूल कमकुवत नाही. आवाज सपाट झाला, जेवण चुकायला लागलं, कॅमेरा बंद ठेवून बोलायला लागलं, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा असं स्पष्ट सांगा. आणि परत यावंसं वाटलं तर घराचं दार उघडं आहे, हेही शब्दांत सांगा. त्यांना ते आपोआप कळत नाही.

पुण्यात पीएचडीला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनाही हेच लागू होतं का?

तंतोतंत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रत्येक गाइडला नेहमीच्या संख्येव्यतिरिक्त दोन परदेशी विद्यार्थी घेता येतात. इराण, येमेन, आफ्रिकेतून मुलं आपल्याकडे येतात. १८० दिवसांहून जास्तीचा व्हिसा असेल तर सहसा १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते, घर मिळवताना नकार पचवावे लागतात, आणि ऑफिसातली सूचना मराठीत असते. आपल्या कॉलेजात असा कुणी असेल तर त्याला मीटिंगनंतर विचारा, काय कळलं नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांनाही ती तिसरी ओळ लिहायला लावते.

गाइडसाठी भेट काय न्यावी?

महागडं काही नको. काही विद्यापीठांत भेटी घेण्यावर नियम आहेत, गाइड अवघडून जातात. पूर्ण लॅबला पुरेल अशी बाकरवडी न्या. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे आणि बर्फी घरीच ठेवा. पुडा लॅबच्या कॉफीच्या टेबलावर ठेवा आणि शेजारी घटक पदार्थांची इंग्रजी चिठ्ठी लावा. तीळ-दाण्यांची अॅलर्जी तिकडे फार गांभीर्याने घेतात.